संस्था चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जुलै २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली ग्रंथसंपदा भिजून गेली. गावाने ते वाचनालय पुन्हा उभे केले. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी पुन्हा शहरात शिरले आणि त्याच वाचनालयातील पुस्तकांचा पुन्हा चिखल झाला. दोन्ही वेळा लोक धावून आले, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. नदी वाचनालयाला विचारून येत नाही. परंतु या सोळा वर्षांच्या अंतराकडे मात्र आपले लक्ष जावयास हवे.

नदीच्या हिशेबात सोळा वर्षे म्हणजे फार थोडा काळ; पदाधिकाऱ्याच्या हिशेबात मात्र तो फार मोठा. आपल्या विद्यापीठात कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्याची नेमणूकही पाच वर्षांसाठी असून फार तर आणखी पाच वर्षांची मुदत मिळू शकते. म्हणजे एका महापुरापासून दुसऱ्या महापुरापर्यंत विद्यापीठाच्या खुर्चीवर तीन कुलगुरू येऊन जातात. पहिला पूर पाहिलेला कारकून निवृत्त होतो, त्या वेळचे विद्यार्थी पालक होतात आणि तेव्हाचा अनुभव कोणत्याही फायलीत शिल्लक राहत नाही. आपत्ती पुन्हा येते, तेव्हा संस्थेच्या दृष्टीने ती पहिलीच असते. महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या कार्यसातत्याचा प्रश्न खरोखर येथून सुरू होतो.

आपत्ती-निवारण आणि कार्यसातत्य

या दोन गोष्टींत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. आग लागली तर विद्यार्थ्यांनी कोणत्या जिन्याने खाली उतरावे, हा आपत्ती-निवारणातला प्रश्न झाला. विद्यार्थी सुखरूप खाली उतरले, पण इमारत दोन महिने वापरता येणार नाही. अशा वेळी सोमवारी वर्ग कोठे भरवावयाचे, परीक्षेचे अर्ज कोणत्या नोंदींवरून भरावयाचे, पगारपत्रक कोणी तयार करावयाचे आणि त्यावर सही कोणाची, हे कार्यसातत्याचे प्रश्न होत. पहिल्या प्रश्नाकडे अलीकडे थोडेफार लक्ष दिले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आराखडे होऊ लागले; २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. महाविद्यालयांच्या भिंतींवर आग विझविण्याची नळकांडी लटकलेली दिसतात ती या जाणिवेचीच खूण. दुसरा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कोणी विचारलेलाच नसतो.

शिवाय काम बंद पाडावयास पाणीच यावे लागते असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या दिवसांत सांगली-कोल्हापूर भागांत ज्या शैक्षणिक इमारती कोरड्या राहिल्या, त्यांतील कित्येकांत पूरग्रस्तांची सोय करावी लागली, आणि ती करावयासच हवी होती. वर्ग मात्र तेथेही भरले नाहीत. २०१३ साली प्राध्यापकांचा परीक्षाकामावरील बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक चालला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे राज्यातील विद्यापीठांच्या परीक्षा पुढे गेल्या. त्या आंदोलनांमागील मागण्यांची रास्तता हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच, की काम थांबण्याची कारणे अनेक असली तरी थांबल्यानंतरचे प्रश्न जवळजवळ तेच असतात.

२०१७ साली मुंबई विद्यापीठात कोणतीही नैसर्गिक आपत्ती आली नव्हती. सर्वच उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन एकाच वर्षी संगणकाच्या पडद्यावर करावयाचे ठरले, व्यवस्था वेळेवर बसली नाही आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेल्या विद्यार्थ्यांची त्यात जी ओढाताण झाली, तिची भरपाई होणे शक्यच नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. १८५७ साली स्थापन झालेल्या, देशातील आद्य विद्यापीठांपैकी एका विद्यापीठावर हा प्रसंग आला. नवी पद्धत ऐन वेळी अडली तर जुन्या पद्धतीने काम पुढे न्यावयाचे की नाही, कधी न्यावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न अशा बदलाच्या आरंभीच विचारावा लागतो, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

आणि मग मार्च २०२० आला. महाविद्यालये बंद झाली ती ऑक्टोबर २०२१ पर्यंत बहुतेक काळ बंदच राहिली. अंतिम वर्षाच्या परीक्षांविषयी आयोगाने एप्रिलमध्ये सूचना काढल्या, जुलैत त्या बदलल्या. राज्य सरकारने परीक्षा न घेण्याचे ठरविले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय झाला की, राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील, पण त्या घेतल्याशिवाय पदवीचा मार्ग मोकळा करता येणार नाही. म्हणजे उन्हाळ्यात पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना परीक्षा आहे की नाही, हेच पावसाळा सरत आला तरी निश्चित ठाऊक नव्हते.

किंमत कोण मोजतो?

‘वेळ आली की आपली माणसे करून नेतात’ हा या विषयावरील सर्वांत मोठा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. त्या दोन वर्षांत शिक्षकांनी घरातल्या घरात फळे टांगून शिकविले, कारकुनांनी स्वतःच्या दूरध्वनीवरून शेकडो विद्यार्थ्यांचे अर्ज पुरे करून घेतले. याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘काम झाले’ एवढ्यावर थांबून चालत नाही. ते कोणाच्या खर्चाने झाले, हेही त्याला विचारावे लागते. ज्याच्या घरी एकच मोबाइल आणि तीन भावंडे होती, त्याचे शिक्षण झाले नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला तास झाला तर मोबदला मिळतो; महाविद्यालय बंद पडले की त्याची चूलही थंडावते. नियोजनाअभावी होणारा खर्च नाहीसा होत नाही. जो तक्रार करू शकत नाही, त्याच्या माथी तो जाऊन बसतो.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या महाविद्यालयात दोन हजार विद्यार्थी आहेत आणि पंधरा दिवस काम बंद पडले. तीस हजार विद्यार्थी-दिवस बुडाले. सत्रात अध्यापनाचे किमान ९० दिवस भरावेत अशी अपेक्षा आहे; त्यांतला सहावा हिस्सा गेला. वेळापत्रक, जागा आणि नोंदी यांची तयारी आधी असती तर बंदी पंधराऐवजी दहा दिवसांवर आली असती असे धरले, तरी दहा हजार विद्यार्थी-दिवस वाचले असते. त्यासाठी चार माणसांनी वर्षातून प्रत्येकी दहा तास खर्च केले तर होतात चाळीस तास. जगातील फार थोड्या गुंतवणुकी इतक्या लाभदायक असतील.

मग ही गुंतवणूक होत का नाही? संस्थाचालक किंवा कुलगुरू निष्काळजी असतात म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. खरे कारण हिशेबाच्या वह्यांतच आहे. खर्च आज दिसतो, लाभ उद्याचा आणि तोही न घडलेल्या नुकसानीच्या रूपाने. न झालेल्या नुकसानीचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येत नाही. नवी इमारत बांधली तर कोनशिलेवर नाव लागते. जनरल रजिस्टरची दुसरी प्रत करून दुसऱ्या गावी ठेवली, तर त्याचे उद्‌घाटन कोण करणार? त्यातून पदाची मुदत थोडी आणि अनेक ठिकाणी कारभार ‘प्रभारी’ म्हणून चाललेला. आज आहे तर उद्या नाही अशा माणसाकडून सोळा वर्षांनंतरच्या पुराचा विचार व्हावा, ही अपेक्षा स्वभावधर्माला सोडून आहे. निर्णय घेणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा असला म्हणजे असे होतेच.

भीती नको, प्रश्न हवेत

म्हणून नेतृत्वाला या कामाकडे कसे वळवावे, हाच मुख्य प्रश्न आहे. आजवर आपण दोन मार्ग वापरले. पहिला मार्ग भीतीचा. शेजारच्या जिल्ह्यात काही घडले की पंधरवडाभर सभा होतात, परिपत्रके निघतात. भीती ओसरली की विषयही ओसरतो. दुसरा मार्ग कागदांचा. दोनशे पानांचा आराखडा तयार होतो, मूल्यांकनासाठी समिती येते तेव्हा तो टेबलावर मांडला जातो आणि समिती गेल्यावर कपाटात जातो. ते कपाट बहुधा तळमजल्यावरच असते. यात नेतृत्वाकडून मागितले जाते ते केवळ अनुमोदन. अनुमोदन द्यावयास काही पडत नाही, म्हणून ते मिळते. आणि काही पडत नाही, म्हणूनच त्याचा उपयोगही होत नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण तेथेही अडचण हीच होती. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठाच्या आवाराखालून भूकंपाची भेग जाते. हे सर्वांना पूर्वीपासून ठाऊक होते. १९८९ मध्ये त्या प्रदेशात मोठा भूकंप झाला. १९९४ च्या जानेवारीत त्याच राज्यातील नॉर्थरिज येथील विद्यापीठाची भूकंपाने दुर्दशा झाली आणि सुमारे चार आठवड्यांनी तेथे तात्पुरत्या निवाऱ्यांतून वर्ग सुरू करावे लागले. १९९७ मध्ये बर्कलीने आपल्या इमारतींची पाहणी करून त्या बळकट करण्याचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम हाती घेतला. पण विचार खऱ्या अर्थाने पुढे नेला तो २००० साली वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी कोमेरिओ यांनी केलेल्या अभ्यासाने. इमारत पडेल का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही. विद्यापीठ काही काळ बंद राहिले तर संशोधन, अध्यापन आणि आसपासच्या प्रदेशाचे अर्थजीवन यांचे काय होईल, याचा त्यांनी हिशेब मांडला. त्यातून दिसले की, संशोधनाच्या निधीचा फार मोठा भाग मोजक्याच इमारतींत एकवटलेला आहे. ही माहिती हाती आल्यावर निर्णय घेणे शक्य झाले, कारण आता प्रश्न ‘भूकंपाचे काय करावे’ असा अवाढव्य राहिला नव्हता. तो ‘या मोजक्या इमारतींचे आधी काय करावे’ एवढा झाला होता. पुढे तेथे प्रत्येक विभागाने आपापल्या कामाच्या सातत्याचा आराखडा करावा अशी पद्धत बसली आणि ती इतर विद्यापीठांनीही उचलली.

बर्कलीजवळचा पैसा आपल्याजवळ नाही, हे उघड आहे. परंतु त्या अभ्यासातील मर्म पैशाचे नाही. नेतृत्वापुढे संकट ठेवले तर ते हळहळते. निवड ठेवली तर त्याला निर्णय घ्यावा लागतो.

निर्णय वरूनच का व्हावा लागतो, हेही दुसऱ्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. चिपळूणचा पहिला महापूर आला त्यानंतर महिन्याभरानेच, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरावर कॅटरिना वादळ आदळले. तेथील टुलेन विद्यापीठाला ते संपूर्ण सत्र बंद ठेवावे लागले. विद्यार्थी देशभरच्या इतर विद्यापीठांत त्या सत्रापुरते शिकले आणि जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठ पुन्हा उघडले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य परत आले. संपूर्ण सत्र बंद ठेवणे, आपले विद्यार्थी दुसऱ्यांच्या वर्गांत बसू देणे, परत येण्याची तारीख जाहीर करणे, हे निर्णय कोणी विभागप्रमुख किंवा कार्यालय अधीक्षक घेऊ शकत नाही. तो कितीही कर्तबगार असला तरी त्याची सही तेथपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या कायद्यालाही हे तत्त्व मान्य आहे. २००५ च्या कायद्याने राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा पातळ्यांवर जी प्राधिकरणे निर्माण केली, त्यांचे अध्यक्ष अनुक्रमे पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि जिल्हाधिकारी आहेत. सर्वांत व्यग्र माणसाकडे हे काम मुद्दाम सोपविले आहे, कारण बाकीच्यांना ‘थांबा’ किंवा ‘हे आधी करा’ असे सांगण्याचा अधिकार त्यालाच असतो. महाविद्यालयात मात्र हा विषय निघाला की तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे किंवा शारीरिक शिक्षण संचालकाकडे जातो. ही मंडळी उत्साही असतात. त्यांच्या हाती शिट्टी असते, पण सही नसते.

तीन निर्णय

मग प्राचार्यांकडे किंवा कुलगुरूंकडे नेमके काय मागावे? माझ्या मते तीनच गोष्टी, आणि त्या तिन्ही अशा की त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणालाही देता येणार नाहीत.

पहिली गोष्ट नावांची. प्राचार्य उपलब्ध नसतील तर त्यांच्या वतीने कोण आणि तोही नसेल तर कोण, अशी दोन नावे क्रमाने लिहून ठेवावीत. धनादेशावर, पगारपत्रकावर आणि परीक्षेच्या कागदपत्रांवर त्यांची सही चालेल अशी व्यवस्था बँक, सहसंचालकांचे कार्यालय आणि विद्यापीठ यांच्याशी बोलून आधीच करावी. हे ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु एका सहीसाठी शेदोनशे माणसांचा पगार अडू शकतो. ‘माझ्यामागे कोण’ हे लिहिताना अधिकाऱ्याचा हात अडखळतो, हेही समजण्यासारखे आहे. आपल्या संस्थांत उपप्राचार्याचे पद हा पुष्कळदा रुसव्याफुगव्यांचा विषय असतो. पण म्हणूनच हा निर्णय शांततेच्या काळात व्हावयास हवा.

दुसरी गोष्ट क्रमाची. सर्वच कामे एकदम सुरू होऊ शकत नसतील तर आधी कोणते? परीक्षा, पगार, दाखले, अध्यापन, प्रवेश, ग्रंथालय, प्रयोगशाळा, यांपैकी दोन दिवसांत काय सुरू झाले पाहिजे, आठवड्यात काय आणि महिनाभर थांबले तरी चालेल असे काय? जूनमध्ये उत्तर एक असेल, मार्चमध्ये दुसरे. हा क्रम लावताना कोणीतरी नाराज होणार. नाराजी पत्करण्याचा अधिकार फक्त वरच्या खुर्चीला असतो. त्याबरोबरच ज्या वस्तू पुन्हा मिळणारच नाहीत, त्यांची यादी करावी. बाके पुन्हा विकत घेता येतात. जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, जुन्या निकालांच्या नोंदी, ग्रंथालयातील दुर्मिळ प्रती, एखाद्या प्राध्यापकाने तीस वर्षांत जमविलेले नमुने, यांचे तसे नसते.

तिसरी गोष्ट तरतुदीची, म्हणजे पैशाची आणि दिवसाची. अंदाजपत्रकात या कामासाठी एक स्वतंत्र ओळ असावी. रक्कम आरंभी अगदी लहान असली तरी चालेल. ओळ असली की दरवर्षी तिच्याविषयी बोलावे लागते. आणि वर्षातील एक दिवस रंगीत तालमीसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी कार्यालयातील संगणक बंद आहेत, मुख्य लिपिक रजेवर आहेत आणि तळमजल्यावर जाता येत नाही, असे मानून काम करून पाहावे. एका विद्यार्थ्याला बोनाफाईड दाखला द्यावयास किती वेळ लागतो, एवढे जरी मोजले तरी दोनशे पानांच्या आराखड्यापेक्षा अधिक ज्ञान पदरात पडेल.

निर्णय टिकावा कसा?

हे तीन निर्णय एखाद्या चांगल्या प्राचार्याने घेतले आणि तो निवृत्त झाला की पुढे काय, ही शंका रास्त आहे. व्यक्तीची मुदत थोडी असल्यामुळे निर्णय व्यक्तीच्या नव्हे, समितीच्या दप्तरी असला पाहिजे. त्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. आपल्याकडे समित्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात संस्थाचालक असतात, प्राचार्य असतात, निवडून आलेले शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी असतात, विद्यार्थी परिषदेलाही स्थान आहे. वर्षातून किमान चार वेळा तिने भरावे असा दंडक आहे, आणि अंदाजपत्रकही तिच्यापुढे येते. यांतील पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत कार्यसातत्याचा विषय दरवर्षी कायमचा असावा. इतिवृत्तात मागील वर्षीचा ठराव समोर येईल, तेव्हा नव्या प्राचार्यांना तो विषय नव्याने पटवून द्यावा लागणार नाही. तो न घेण्याचे कारण त्यांनाच सांगावे लागेल. विद्यापीठाच्या पातळीवर हेच काम व्यवस्थापन परिषदेने करावे. पाच वर्षांचा बृहत् आराखडा करताना नवी महाविद्यालये कोठे हवीत याचा विचार होतो, त्याच वेळी आहेत ती अडचणीत चालू कशी राहतील याचाही व्हावा.

शासनाने परिपत्रक काढावे, मग पाहू, असे काहीजण म्हणतील. परिपत्रक निघेलही, त्याबरोबर नमुना येईल, नमुन्याचे रकाने भरले जातील आणि अहवाल पाठविला जाईल. पण कोणत्या कपाटात कोणते रजिस्टर आहे, पावसाचे पाणी आवारात प्रथम कोणत्या कोपऱ्यात साचते, दोन मैलांवरच्या कोणत्या शाळेचे वर्ग दुपारी रिकामे असतात, हे मंत्रालयाला ठाऊक नसते. ते कार्यालयातील लिपिकाला, प्रयोगशाळेतील परिचराला आणि रोज बसने येणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. दुर्दैवाने या तिघांना कोणी कधी विचारीत नाही. ज्ञान खाली आणि अधिकार वर, अशी ही स्थिती आहे. या दोहोंची गाठ घालून देणे हेच खरे नियोजन.

त्यासाठी आरंभ खालूनही करता येतो. प्रत्येक विभागातील शिक्षकाने व लिपिकाने एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: आपले कोणते काम थांबले तर विद्यार्थ्यांचे तत्काळ नुकसान होईल, ते काम कोणत्या एका माणसावर, एका खोलीवर किंवा एका यंत्रावर अवलंबून आहे, आणि त्याला पर्याय काय. अशी दहा-पंधरा पाने घेऊन शिक्षक व कर्मचारी प्रतिनिधींनी समितीपुढे जावे. तेथे संकटांचे वर्णन करीत बसू नये. वर सांगितलेले तीन निर्णय मागावेत आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय विषय संपू देऊ नये. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीही स्नेहसंमेलनाच्या खर्चाबरोबर हा प्रश्न विचारावा. कारण परीक्षा रखडली तर वर्ष त्यांचे जाते.

कुलगुरू व प्राचार्य यांची कारकीर्द त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींवरून आणि मिळालेल्या श्रेणीवरून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्यांच्या काळात कोणते काम बंद पडले नाही, हेही आपण मोजू लागलो, तर नेतृत्वाचे लक्ष या विषयाकडे आपोआप वळेल. मुदत संपताना त्यांनी उत्तराधिकाऱ्याच्या हाती किल्ल्या आणि शिक्के यांच्याबरोबर नावांची, कामांच्या क्रमाची आणि तरतुदीची ती दोन-चार पाने द्यावीत. घेणाऱ्यानेही ती मागून घ्यावीत. तेवढे झाले, तर सोळा वर्षांनी येणारा पूर संस्थेला अनोळखी राहणार नाही.